बॅटऱ्या मामांच्या पिशवीत

आमच्या सासऱ्यांचं कुणी कौतुक सुरू केलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. ते आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं म्हणतात. पण गेलेल्या माणसाबद्दल खोटं बोललेलं कसं काय चालतं, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मी त्यांना मामा म्हणत असे. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाच म्हणतात. केजहून नांदूरघाटकडे जाताना फाट्यावर आमचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या मागं घर. ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप, टमटम, जे दारात येईल ते दुरुस्त करायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मामांचा उजवा खांदा कामातून गेलेलाच होता. माझे मालक ट्रॅक्टरवर. दसरा झाला की ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्यावर जायचे, ते उन्हाळा लागल्यावर परत. म्हणजे निम्मं वर्ष गॅरेजात जे हात चालायचे, ते माझेच. माझं माहेर वडवणीचं. तिथं वडिलांचं मोटारी रिवायंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे काळे हात मला नवे नव्हते.

एकदा एक जीपवाला आला. मी दुसऱ्या जीपच्या चाकाशी बसलेली, कोपरापर्यंत ग्रीस. मामा ट्रॅक्टरच्या जुन्या रिमवर बसलेले. खुर्चीवर ते कधीच बसले नाहीत. खुर्ची माणसाला आळशी करते म्हणायचे आणि दिवसभर रिमवर बसून राहायचे.

"मिस्त्री हायेत का?" जीपवाल्यानं विचारलं.

"मिस्त्री भायेर गेलाय. उद्या ये."

तो माझ्याकडं बघत राहिला. "मग ह्या?"

"ती सूनबाई हाय. नट धुती."

नट धुते! त्याच सकाळी मी एका गाडीचा गिअरबॉक्स उतरवून परत बसवला होता. जीपवाला निघून गेला. गिऱ्हाईक गेलं याचं मामांना काही वाटलं नाही. मला वाटलं. पण घरातल्या सुनेला किती वाटावं, हे तिच्या हातात नसतं.

त्यांच्या तऱ्हा सांगितल्या तर लोक हसतात. मीही हसायचे, सुरुवातीला. ते गाडीच्या मालकाशी बोलतच नसत, गाडीशी बोलत. मालक मधे काही सांगायला लागला की, "तू गप बे, मी हिला इचारतोय." लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. गंजून बसलेल्या नटाला ते 'चेअरमन' म्हणायचे, कारण एकदा बसला की उठत नाही. ढिल्या नटाला 'कार्यकर्ता'. कुठल्याही कामाला किती वेळ लागेल विचारलं तर उत्तर एकच, "दोन घंटे." तेलबदलाला दोन घंटे आणि इंजिन उतरवायलाही दोन घंटे. हात चुलीतल्या राखेनं धुवायचे आणि साबणानं धुणाऱ्याला 'तहसीलदार' म्हणायचे.

आणि एक वाक्य मला उद्देशून, रोज, न चुकता. "बाईच्या हातात जोर न्हाई."

खरं होतं ते, अर्धं. ट्रॉलीच्या चाकाचा नट सोडवायचा तर पान्याला चार हात लांब पाइप घालून त्यावर लोंबकळावं लागतं. माझं वजन ते किती. कॉम्प्रेसर होता, पण लाइट असली तर. आणि लाइट आमच्याकडं पाहुण्यासारखी येते, चहा पिऊन जाते. तेवढ्यात बॅटरीची मशीनं बाजारात दिसायला लागली. हातात धरायची, खटका दाबायचा, नट आपोआप सुटतो. एका गॅरेजात मी ते बघितलं आणि मला कळलं की बाईच्या हातातल्या जोराचा प्रश्न आता संपला.

मामांनाही तेच कळलं असणार, माझ्या आधी. कारण त्यानंतर त्यांनी मशीन निवडायला घेतलं, आणि दोन वर्षं ते फक्त निवडत होते.

केज, अंबाजोगाई, बीड, एक दुकान त्यांनी सोडलं नाही. मशीन कानाला लावायचे आणि म्हणायचे, "आवाज पोकळ हाय." वर चहाचा कप ठेवायला लावायचे, मशीन चालू करायला सांगायचे आणि चहा सांडला म्हणून नापास करायचे. एकाचा रंग त्यांना न आवडणाऱ्या पक्षाचा निघाला. दुकानदार त्यांना रस्त्यावर बघितलं की शटर ओढून घ्यायचे. ब्रशलेस मशीनवर तर त्यांचा फार राग. केजच्या दुकानदाराला माझ्यासमोर म्हणाले, "ह्याच्यातनं ब्रश काडून घेतलाय आन् वर पैशे जास्त? म्हशीचं दूध काडून घ्यायचं आन् म्हैस म्हाग इकायची व्हय बे?"

मी घरी आल्यावर समजावून सांगितलं. साध्या मशीनमधे कोळशाचे दोन तुकडे असतात, तेच ब्रश, आम्ही त्यांना कार्बन म्हणतो. ते फिरत्या आर्मेचरला घासून करंट पोचवतात. घासतात म्हणून झिजतात, ठिणग्या उडवतात, गरम होतात आणि बॅटरी खातात. ब्रशलेसमधे घासणारं काही नसतं, ते काम आतली सर्किटची पाटी करते. तीच बॅटरी जास्त नट सोडवते, आणि डिझेल-पेट्रोलच्या जागी ठिणगी नाही.

मामांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुज्या बापाचं दुकान कार्बन बदलूनच चालतं. आन् तू बिनकार्बनचं मशीन घ्या म्हणतीस. बापाच्याच पोटावर पाय देतीस व्हय?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात लसूण सोलत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्या कधीच काही बोलत नसत.

शेवटी मालकांनीच फोनवरून हट्ट धरला म्हणून मामांनी मशीन आणलं. ब्रशलेसच आणलं. पण केवढं! दंडाएवढी त्याची मूठ, दोन्ही हातांनी उचलावं लागे, आणि कंपनी अशी की नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मी तरी खूश झाले. जड तर जड. चार दिवसांनी मामा वडवणीला एका सोयरिकीला गेले, मी मशीन उचललं, खटका दाबला आणि काही झालं नाही. खाली बघितलं तर बॅटरीची जागा रिकामी.

बॅटऱ्या मामांच्या पिशवीत होत्या. सुपारीचा डबा, साखरेच्या गोळ्या, टॉवेल आणि दोन्ही बॅटऱ्या. पुढं रोज हेच. चहाला फाट्यावर गेले तर बॅटऱ्या पिशवीत. शेताकडं डबा घेऊन गेले तरी पिशवी खांद्याला. रात्री पिशवी उशाला. मी एकदा विचारलं, "मामा, बॅटऱ्या हितं राहू द्या की."

"मशीन हितंच हाय की. कोण नेलंय मशीन?"

मी केजच्या दुकानात गेले. म्हटलं, एक बॅटरी वेगळी घेऊ. दुकानदारानं मान हलवली.

"वैनी, ह्या कंपनीची बॅटरी आख्ख्या जिल्ह्यात कुणी ठेवत न्हाई. दुसऱ्या कंपनीची ह्याला बसत न्हाई. मी मिस्त्रींना लई सांगितलं. म्हणलं, आधी बॅटरी बगा, मग मशीन बगा. सुतार, वायरमन, समदे ज्या कंपनीची वापरतेत ती घ्या, म्हंजे अडल्या वेळी कुणाची बी मागता यील. तर म्हणले, 'जी कुणाकडंच न्हाई, तीच दे.'"

त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की दोन वर्षं ते मशीन निवडत नव्हते. जिची बॅटरी मला कुठंच मिळणार नाही अशी कंपनी शोधत होते. मी दुकानाच्या पायरीवर तशीच उभी राहिले.

त्याच हंगामात एक टोळी निघाली होती. ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, कोंबड्या, चार घरची माणसं, आणि फाट्यावर येऊन मागचं चाक बसलं. मुकादमाची माणसं पुढं गेलेली. ही माणसं मागं राहिली तर त्यांची जागा दुसऱ्या टोळीला जाणार, म्हणून ट्रॉलीतल्या बायका रडकुंडीला आल्या होत्या. मामा पिशवी घेऊन वडवणीला, लग्नाला. लाइट नाही. मी मशीनकडं बघितलं, ते रॅकवर बसलेलं, चेअरमनसारखं.

मी पान्याला पाइप घातला. ट्रॅक्टरवाला एका बाजूनं, मी दुसऱ्या. चार नट सुटले. पाचव्याला मी पाइपवर उभी राहिले, पाना निसटला आणि पाइप उसळून माझ्या तोंडावर आला. समोरचा दात अर्धा तुटला. रक्त पदरानं पुसून मी उरलेले नट काढले, चाक बदललं आणि टोळी गेली. त्यातल्या एका म्हातारीनं जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवला होता.

मामा संध्याकाळी परत आले. सुजलेलं तोंड बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणून तर म्हणतो, बाईचं काम न्हाई हे."

पिशवी खांद्याला तशीच होती. ती ओढून घ्यावी आणि बॅटऱ्या विहिरीत फेकाव्यात, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी आत गेले आणि भाकरी थापल्या.

पण दुसऱ्या दिवशी मी माझी शेळी विकली. माहेरून आणलेली माझी शेळी. आणि एकटी बीडला गेले.

दुकानातला माणूस माझ्या मागं बघून म्हणाला, "साहेब येतायत का?"

"कोण साहेब?"

"मशीन कोण बघणार?"

"मी," म्हटलं. "आणि आधी बॅटरी दाखवा. केजमधे आणखी कोण कोण ही बॅटरी वापरतं ते सांगा."

तो नीट बसला. मग मी निवडलं, अर्ध्या दिवसात निवडलं. बॅटरी लावून हातात धरलं, कारण बिनबॅटरीचं वजन सांगून सगळेच फसवतात. माझी बोटं मुठीभोवती पूर्ण येतात का बघितलं. सगळ्यात ताकदवान घ्या म्हणाला. म्हटलं, मला डंपर उचलायचा नाही, ट्रॉलीचा नट सोडवायचाय, आणि ताकद आवळायला कमी करता येते का ते दाखवा, नाहीतर बोल्ट तुटतील. उलटं फिरवून बघितलं. डब्यावर ब्रशलेस लिहिलेलं होतं, तरी मी मागच्या झरोक्यातून चालू मशीनमधे निळी ठिणगी दिसते का ते अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बघितलं. एका मशीनमधे दिसली. लेबल खोटं होतं. दुकानदार म्हणाला, कंपनीची चूक असेल. मी म्हटलं, असू द्या, दुसरं दाखवा.

मशीन घेऊन घरी आले तेव्हा मामा रिमवरून उठले नाहीत. "खेळणं आणलं व्हय," एवढंच म्हणाले. त्या खेळण्यानं मी दुसऱ्या दिवशी दोन ट्रॉल्यांची सगळी चाकं उतरवली. बॅटरी संपली तर फाट्यावरच्या सुताराची आणली. मामा बघत होते. त्यांची दोन्ही बॅटऱ्यांची पिशवी मांडीवर.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं धुऊन, पुसून पोत्यावर मांडतात, पूजा करतात आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. मामांच्या गॅरेजातला नियम असा की ज्यानं जे हत्यार चालवलं, त्यानं त्याला हळदीकुंकू लावायचं. नियम चांगला आहे. फक्त मामा दरवर्षी फाट्यावरचा पानवाला, येणारा-जाणारा ड्रायव्हर, कुणालाही बोलावून टिळे लावून घ्यायचे आणि मी ताट घेऊन शटरच्या बाहेर उभी. वर्षभर ती हत्यारं माझ्या हातात, आणि टिळा लावणार पानवाला!

त्या वर्षी माझं मशीन मी पोत्यावर मांडलंच नाही. घरात देवासमोर ठेवलं आणि बोटाच्या टोकानं, मुठीला, कोरडं कुंकू लावलं. मामांनी त्यांचं मशीन मधोमध मांडलं, बॅटरी लावून, कारण देवापुढं अर्धं हत्यार ठेवू नये. हळद आणि कुंकू पाण्यात कालवून मोटारीच्या झरोक्यांवर चांगले पाच पट्टे ओढले. मग त्यावरच नारळ फोडला. सगळं पाणी आत.

"मामा, आत सर्किट हाय," मी बाहेरून ओरडले.

"गप. पूजेत बोलू न्हाई."

दसऱ्याला खटका दाबला, मशीन गप. मामांनी दोन्ही बॅटऱ्या बदलून बघितल्या. मशीन कानाला लावलं. गॅरेजात पाच-सहा माणसं आपट्याची पानं द्यायला आलेली. त्यांच्यासमोर मामा म्हणाले, "कुणी तरी हात लावलाय ह्याला. घरातलंच हाय कुणी तरी."

आता मात्र मी थांबले नाही. शटरच्या आत गेले, त्यांच्या हातातून मशीन घेतलं, स्क्रू काढले आणि दोन्ही फाका उघडून पोत्यावर ठेवल्या. आत लाल चिखल. सर्किटच्या पाटीवर हळदीचा थर, कोपऱ्यात खोबऱ्याचा एक तुकडा.

"हा हात कुणाचा, मामा?"

माणसं पायाकडं बघायला लागली. पानवाल्याला हसू आवरेना. मामा खोबऱ्याचा तुकडा उचलून म्हणाले, "नवमीचा प्रसाद हाय तो. त्यानं कुठं मशीन बिगडतं व्हय." आणि तो तुकडा खाऊन टाकला.

चूक मान्य करतील असं मला वाटलं होतं. ती तर केली नाहीच, वर त्याहून वाईट केलं. आठवडाभरानं एक ट्रॅक्टरवाला आला आणि मिस्त्री कुठं विचारायला लागला, तर मामा रिमवरून म्हणाले, "ही काय. माजी सून. मी तयार केलीय. मीच म्हणलं, घे बाई मशीन हातात. आख्ख्या तालुक्यात हाय का कुणाचा सासरा आसा?"

मी वाकलेली तशीच सरळ झाले. ते माझ्याकडं बघत नव्हते. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे ते खोटं बोलत आहेत असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतच नव्हतं. त्यांना ते खरंच तसं आठवत होतं. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी हीच गोष्ट सांगितली, फाट्यावर, लग्नांत, एसटीत, जिथं तोंड उघडेल तिथं.

एक त्यांचं देणं आहे, ते मी नाकारत नाही. इंजिन ऐकायला मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांनी शिकवलं नाही. ते डोळे मिटून ऐकत आणि मोठ्यानं गाडीशी बोलत, "बेअरिंग रडायलंय का गं तुजं," आणि मी मागं नट धूत उभी असायची. तेवढं माझ्याकडं आलं. आजही स्क्रू ड्रायव्हर कानाला लावते तेव्हा तोंडातून त्यांचंच वाक्य निघतं आणि मी स्वतःवर चिडते.

मामा गेले ते हार्टनं, रिमवर बसल्या बसल्या. वर्ष झालं तेव्हा मालकांनी पुण्यस्मरण मोठं केलं. मांडव, कीर्तन, बुंदी, आणि रस्त्यावर हा एवढा फ्लेक्स. फ्लेक्सवर मामा, डोक्याला फेटा, हातात बॅटरीचं मशीन. मी जवळ जाऊन बघितलं. मशीन माझं होतं. फ्लेक्सवाल्यानं माझ्या फोटोतून कापून मामांच्या हातात चिकटवलं होतं. "मशीनशिवाय बरं दिसत नव्हतं," मालक म्हणाले.

कीर्तनानंतर तालुक्यातले एक पुढारी माइकवर आले. मामांना ते आयुष्यात दोनदा भेटले असतील. म्हणाले, "बायकांना उंबऱ्याच्या आत ठेवायचा तो काळ. अशा काळात ज्यांनी स्वतःच्या हातानं सुनेच्या हातात मशीन दिलं, असा सासरा..." टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला बसलेल्या माझ्या जावा-नणंदांनी माझ्याकडं बघून माना डोलावल्या. मीही डोलवावी, अशी त्यांची अपेक्षा होती. एवढी वर्षं मी ती डोलवत आले होते. घराची अब्रू म्हणून, गेलेला माणूस म्हणून, मालकांचा बाप म्हणून.

मी उठून उभी राहिले.

"दिलं न्हाई, सायेब," मी म्हणाले. माइक नव्हता, पण माझा आवाज गॅरेजातला आहे, कॉम्प्रेसरवरून ऐकू जातो. "मी घेतलं."

मालकांनी मान खाली घातली. पुढाऱ्यांनी माइकवर बोट वाजवलं, हसल्यासारखं केलं. कुणीतरी मागून म्हणालं, "बसा ओ वैनी, दिवस कंचा हाय आज."

तेव्हा पुढच्या सतरंजीवरून आत्याबाई बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत बोलल्या असतील.

"ती खरं बोलती," त्या म्हणाल्या. "बॅटऱ्या ह्यांच्या पिशवीत असायच्या. मी रोज बगतच व्हते की."

रोज बघत होत्या. लसूण सोलत, दारात बसून, रोज. माझा दात गेला त्या दिवशीही बघत होत्या. आणि मामांवरचा माझा सगळा राग एकदम त्या म्हातारीकडं वळला. माझ्या बाजूनं बोलणाऱ्या एकुलत्या एका माणसाकडं. पदर डोक्यावर घेऊन त्या माझ्याकडं बघत होत्या, आता तरी बसशील म्हणून.

मी बसले नाही.